खालून बघणारं टेबल

या टेबलाचा डोळा त्याच्या पोटात असतो. वर दुधी काच, काचेखाली बंद पेटी, पेटीच्या तळाशी एक कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर. काचेवर ठोकळा ठेवला की त्याच्या बुडाला चिकटवलेली काळी-पांढरी खूण कॅमेऱ्याला खालून दिसते. कोणता ठोकळा, कुठे आणि कोणीकडे तोंड करून ठेवलाय, हे संगणकाला कळतं आणि प्रोजेक्टर त्या ठोकळ्याभोवती काचेवरच उजेडाचं कडं काढतो. ठोकळा सरकवा, कडं सरकतं. उचला, विझतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस वाकून टेबलाखाली बघितल्याशिवाय राहत नाही.

जगाला हे टेबल ठाऊक झालं ते वाद्य म्हणून. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात संगीत आणि तंत्रज्ञान यांवर काम करणारा एक गट आहे. सर्जी जोर्दा, ग्युंटर गायगर, मार्टिन काल्टनब्रुनर आणि मार्कोस आलोन्सो या चौघांनी तिथे २००३ साली ‘रिॲक्टेबल’वर काम सुरू केलं. लॅपटॉपवर संगीत करणाऱ्यांची तेव्हा एक अडचण होती, ती आजही आहे. सतारिया मींड घेतो तेव्हा ओढलेली तार श्रोत्याला दिसते. तबलजीचा हात उठला की सम जवळ आल्याचं पहिल्या रांगेला कळतं. लॅपटॉपवाला मात्र पडद्यामागे तोंड घालून बसलेला. तो सूर लावतोय की आयकराचं विवरणपत्र भरतोय, समोरच्यांना पत्ता नाही.

या चौघांनी यंत्राच्या आत चाललेलं सगळं काचेवर आणून मांडलं. एक चौकोनी ठोकळा ध्वनी निर्माण करतो. त्याच्याजवळ दुसऱ्या आकाराचा, ध्वनी गाळणारा किंवा बदलणारा ठोकळा आणला की दोघांमध्ये आपोआप रेघ जुळते आणि तिच्यावरून ध्वनिलहर धावताना दिसते. ठोकळा फिरवला की सूर चढतो-उतरतो. शेजारी उमटलेल्या कमानीवर बोट फिरवलं की आवाज कमी-जास्त होतो. वायर जोडायची नाही, बटण दाबायचं नाही. टेबल मुद्दाम गोल ठेवलं, कारण गोल टेबलाला यजमानाची बाजू नसते. दोघं-चौघं भोवती उभे राहून एकमेकांचे ठोकळे ढकलू शकतात, पळवूही शकतात. २००७ मध्ये आइसलँडची गायिका ब्योर्क आपल्या ‘व्होल्टा’ दौऱ्यावर हे टेबल घेऊन निघाली आणि प्रयोगशाळेतली वस्तू हजारोंच्या मैफलीत पोहोचली. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात लिंझच्या ‘प्री आर्स इलेक्ट्रॉनिका’ स्पर्धेत डिजिटल संगीताचा ‘गोल्डन निका’ पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये ते विकायला कंपनी निघाली.

पुरस्कार आणि ब्योर्क हे लक्षात राहण्याजोगं खरं, पण मला याहून मोठा वाटतो तो फारसा न गाजलेला एक निर्णय. वाद्य त्यांनी विकायला काढलं, पण त्याचा डोळा, म्हणजे खुणा ओळखणारी ‘रिॲक्टिव्हिजन’ ही प्रणाली, मुक्त स्रोत म्हणून सगळ्यांना वापरायला दिली. विंडोज, मॅक, लिनक्स कशावरही चालते. वाद्य घेणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, डोळा मात्र कुणालाही फुकट मिळत होता. मग गॅरेजांत, वसतिगृहांत, संग्रहालयांच्या कार्यशाळांत अशी टेबलं उभी राहू लागली. ती बांधणाऱ्या बहुतेकांना बार्सिलोनाच्या संगीताशी काही घेणं नव्हतं.

हा डोळा बघतो कसा, ते जरा निवांत समजून घेण्यासारखं आहे. खूण ओळखायची म्हणजे साठवलेल्या चित्राशी जुळवून पाहायची, असं आपल्याला सहज वाटतं. पण कॅमेऱ्याला दिसणारं चित्र कधीच सरळ नसतं. रुंद भिंगामुळे कडेच्या वस्तू ताणल्या जातात, हात ठोकळा ढकलत असतो, काच कुठे उजळ तर कुठे मंद असते. आकार जुळवत बसलं तर एका सेकंदात साठ चित्रं तपासताना संगणकाचा घाम निघेल. म्हणून रिॲक्टिव्हिजन आकाराकडे बघतच नाही. तिचा प्रश्न एकच: कशाच्या पोटात काय आहे?

आधी ती चित्रातला करडा रंग काढून टाकते आणि जागेजागेच्या उजेडाप्रमाणे प्रत्येक बिंदूला काळा किंवा पांढरा ठरवते. मग सलग काळे आणि सलग पांढरे तुकडे वेगळे करते. एका पांढऱ्या तुकड्याच्या आत किती काळे तुकडे, त्यांपैकी प्रत्येकाच्या आत किती पांढरे ठिपके, हे मोजलं की एक वंशावळ तयार होते: मूळपुरुष, त्याची मुलं, त्यांतल्या कुणाला तीन अपत्यं, कुणाला एक, कुणी निपुत्रिक. प्रत्येक खुणेची वंशावळ वेगळी. कागद तिरका धरा, ताणा, वाकवा. कोण कुणाच्या पोटी आलं ते बदलत नाही. गणितातल्या टोपॉलॉजी या शाखेचा हा सरळ, व्यवहारी उपयोग. मूळ कल्पना एन्रिको कोस्तान्झाच्या ‘डी-टच’ या आधीच्या कामातली. काल्टनब्रुनर आणि रॉस बेन्सिना यांनी तिला वेग आणि आटोपशीरपणा दिला.

खूण कोणती ते कळलं, पण ती कुठे आहे आणि कोणीकडे वळली आहे? त्याचं उत्तरही याच तुकड्यांत आहे. ज्यांच्या पोटात आणखी काही नाही अशा सगळ्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या केंद्रांची सरासरी काढली की खुणेचं केंद्र मिळतं. त्यांतल्या फक्त काळ्यांची वेगळी सरासरी काढली की दुसरा बिंदू मिळतो. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणारा बाण म्हणजे ठोकळ्याची दिशा. अर्थात हे साधायला ठिपके नेमके मांडलेले हवेत, आणि ही मांडणी माणसाने हाताने केलेली नाही. संगणकाने शेकडो वेड्यावाकड्या मांडण्या जन्माला घातल्या, त्यांतल्या बऱ्या ठेवल्या, त्यांचा संकर केला, पुन्हा निवडल्या. उत्क्रांतीची नक्कल करणाऱ्या या पद्धतीतून ज्या गोळेदार आकृत्या निघाल्या त्यांना ‘अमिबा’ हेच नाव पडलं. प्रमाणित संचात अशा २१६ खुणा आहेत. एखादा पोरगा घरी बसून चार बरी डिझाइनं काढेलही, पण २१६ आणि तीही एकमेकींशी गोंधळ न होणारी, हे हाताचं काम नव्हे.

डोळ्याने पाहिलेलं पुढे सांगायचं कसं, याचा ‘टीयूआयओ’ नावाचा संकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. खुणा ओळखणारी प्रणाली आणि खेळ किंवा संगीत चालवणारा प्रोग्रॅम यांच्यात या संकेताने निरोप जातात, बहुधा ३३३३ क्रमांकाच्या पोर्टवरून. ज्या मार्गाने जातात तिथे निरोप पोहोचेलच याची हमी नसते. समजा ‘तीन नंबरचा ठोकळा उचलला’ हा निरोपच वाटेत हरवला, तर पडद्यावर त्या ठोकळ्याचं भूत राहील. म्हणून ‘उचलला’ असं कधी सांगायचंच नाही. दर वेळी टेबलावर कोण कोण हजर आहे त्यांची यादी पाठवायची. यादीत नाही तो गेला. हजेरी एकदा चुकली तरी पुढच्या क्षणी पुन्हा घेतली जातेच. या संकेतामुळे खेळ लिहिणाऱ्याला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळावं लागत नाही. टेबल तयार नसताना त्याची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्रॅमही मिळतो, त्यावर खेळ आधीच तपासून घेता येतो.

वस्तूंना अर्थ देण्याचा विचार मात्र बार्सिलोनाच्या बराच आधीचा. १९९२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये डरेल बिशपने एका आन्सरिंग मशीनची कल्पना मांडली. निरोप आला की यंत्रातून एक गोटी बाहेर येते. गोटी खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येतो, फोनवर ठेवली की निरोप ठेवणाऱ्याला उलट फोन लागतो. किती निरोप आहेत? जितक्या गोट्या. निरोप आईसाठी असेल तर ती गोटी आईच्या वाटीत टाकायची. बटणांचा आणि सूचना-पुस्तिकांचा सगळा पसारा त्याने एका गोटीत मिटवला. इतकी स्वच्छ कल्पना मला त्यानंतरही क्वचितच दिसली आहे.

त्याच सुमाराला केंब्रिजमध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पिएर वेलनरने खऱ्या कागदांवर वरून प्रकाश टाकणारं ‘डिजिटल डेस्क’ बनवलं. एमआयटीत हिरोशी इशी आणि ब्रिग उलमर यांनी १९९७ मध्ये ‘टँजिबल बिट्स’ या निबंधातून या सगळ्याला एक बैठक दिली. तिथेच जॉन अंडरकॉफलरने १९९९ मध्ये ‘अर्प’ केलं. टेबलावर इमारतींची छोटी मॉडेल्स ठेवायची. टेबल त्यांची सावली पाडतं, सूर्य कलला की सावली लांबते, वारा कुठून वळसा घेतो ते दाखवतं. बिल्डर, नगररचनाकार आणि शेजारच्या सोसायटीचे रहिवासी एकाच टेबलाभोवती उभे राहून ‘तुमचा टॉवर आमचं ऊन खातो’ हे बोट दाखवून म्हणू शकतात. मुंबईच्या कुठल्याही पुनर्विकासाच्या बैठकीत हे टेबल ठेवायला हवं.

मग २००७ आलं. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस’ नावाचं टेबल जाहीर केलं: ३० इंचांची काच, आत प्रोजेक्टर, पाच इन्फ्रारेड कॅमेरे, वस्तूंखाली चिकटवायला २५६ वेगवेगळ्या ठिपक्यांच्या खुणा, किंमत सुमारे १० हजार डॉलर. तत्त्व बार्सिलोनाचंच. हॉटेलं, कॅसिनो, मोबाइलची दुकानं अशा ठिकाणी ती टेबलं गेली. पुढे सॅमसंगबरोबर काढलेल्या आवृत्तीत पडद्याचा प्रत्येक बिंदूच बघू लागला, पेटी गेली, टेबल चपटं झालं. तरी ते चाललं नाही. २०१२ मध्ये कंपनीने ‘सरफेस’ हे नाव काढून आपल्या टॅब्लेटला दिलं आणि टेबलाला ‘पिक्सेलसेन्स’ असं दुसरं नाव चिकटवलं.

महाग होतं म्हणून पडलं, असं म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. फोनही सुरुवातीला महागच होते. खरी अडचण अशी की दुकानात येणाऱ्या माणसाच्या खिशात खूण लावलेली वस्तू नसते. मग टेबलावर ठेवणार काय? उरतं फक्त बोट, आणि बोटासाठी फोन पुरतो. कोणता ठोकळा म्हणजे काय, हे त्या जागेने, त्या कामाने, त्या माणसांनी ठरवायचं असतं. शाळेतल्या टेबलावर तो पाण्याचा रेणू असेल, संग्रहालयात नाणं, वादकाकडे सूर. हा अर्थ कारखान्यात चिकटवून मिळत नाही. म्हणून या टेबलाचा कारखाना बंद पडला, आणि कार्यशाळा मात्र चालू राहिल्या.

आता बांधणीकडे. हे टेबल घरी बांधता येतं, आणि त्यातली प्रत्येक अडचण उजेडाची आहे. सुताराचं काम एका दिवसाचं: प्लायवूडची पेटी, एका बाजूला बिजागरीचं दार, वर पाच-सहा मिलिमीटर जाडीची पारदर्शक ॲक्रिलिक शीट, तिच्यावर ट्रेसिंग पेपर. आर्किटेक्टच्या ऑफिसात ज्याला ‘गेटवे’ म्हणतात तोच. त्यावर एकाच वेळी खालून चित्र उमटायला हवं आणि वरच्या ठोकळ्याची खूण आरपार दिसायला हवी. कागद फार दुधी असला तर खूण पुसट होते, फार पातळ असला तर चित्र विरतं. ठोकळा कागदाला घट्ट टेकलेला असला तर बराच दुधी कागदही चालतो. बोटभर वर उचलला की खूण धुक्यात जाते. हे फायद्याचंच आहे, कारण त्यामुळे टेबलाला ठेवलेलं आणि धरलेलं यातला फरक कळतो.

पहिली मोठी गोची अशी: प्रोजेक्टर काचेवर चित्र टाकतो आणि कॅमेरा त्याच काचेकडे बघतो. मग त्याला खुणांबरोबर आपलंच चित्र दिसणार. उपाय म्हणजे दोघांचे उजेड वेगळे करायचे. प्रोजेक्टरसाठी डोळ्यांना दिसणारा, कॅमेऱ्यासाठी डोळ्यांना न दिसणारा, म्हणजे इन्फ्रारेड. सीसीटीव्ही रात्री बघतो तो ज्या ८५० नॅनोमीटरच्या एलईडींवर, तेच दिवे पेटीत लावायचे. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सीसीटीव्हीवाल्याला विचारावं. वेबकॅमच्या भिंगामागे इन्फ्रारेड अडवणारी एक काच असते, ती हलक्या हाताने काढायची आणि तिच्याजागी दिसणारा उजेड अडवणारं काहीतरी बसवायचं. यासाठी हौशी लोकांची आवडती वस्तू म्हणजे पूर्ण उजेड लागलेली आणि मग धुतलेली रंगीत निगेटिव्ह. आपल्याला ती काळी दिसते, इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक. लग्नाच्या जुन्या अल्बमांच्या पाकिटात रोलच्या टोकाचे असे काळे तुकडे अजून सापडतात.

एक इशारा इथेच. हा उजेड दिसत नाही म्हणून डोळ्याची बाहुली आकुंचन पावत नाही आणि पापणीही मिटत नाही. पेटलेल्या एलईडींकडे जवळून टक लावून बघू नये, मुलांना तर अजिबात बघू देऊ नये. प्रोजेक्टर पेटीत कोंडलात तर तो तापणार, तेव्हा एका बाजूला हवा आत घेणारी आणि दुसरीकडे बाहेर फेकणारी अशी दोन भोकं आणि पंखा हवाच.

दिवे सरळ काचेकडे रोखले तर ॲक्रिलिकमध्ये त्यांची प्रतिबिंबं पडतात आणि कॅमेऱ्याला तेवढ्या जागी फक्त पांढरा डाग दिसतो. ठोकळा त्या डागावर गेला की गायब. म्हणून पेटी आतून पांढरी रंगवून दिवे भिंतीकडे किंवा तळाकडे वळवायचे, म्हणजे उजेड आपटून मऊ होऊन वर येतो. खिडकीतलं ऊन हा दुसरा शत्रू, कारण त्यात इन्फ्रारेड ठासून भरलेलं असतं. जुन्या पिवळ्या बल्बांचंही तसंच. आजच्या घरगुती एलईडी दिव्यांत ते जवळपास नसतं, त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीपेक्षा हे काम आज सोपं झालंय. टेबल तेवढं खिडकीपासून लांब ठेवा.

छपाईची गंमत तर सांगितलीच पाहिजे. घरच्या इंकजेट प्रिंटरवर खुणा छापल्या, आपल्याला त्या कुळकुळीत काळ्या दिसतात, आणि कॅमेऱ्याला कोरा कागद! पुष्कळशा इंकजेटची काळी शाई रंगद्रावणाची असते आणि इन्फ्रारेड तिच्यातून निघून जातं. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्सच्या टोनरमध्ये कार्बन असतो. तो इन्फ्रारेडही गिळतो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची प्रत इथे भारी छापखान्याहून सरस.

कॅमेऱ्याचं गणित साधं आहे. ६४ सेंटिमीटर रुंद काच आणि ६४० बिंदूंचा कॅमेरा म्हणजे एका मिलिमीटरला एक बिंदू. खुणेतला लहानात लहान ठिपका दोन-तीन बिंदूंचा तरी पडायला हवा, म्हणून अशा टेबलावर खूण पाच-सहा सेंटिमीटरची ठेवणं बरं. वेगही बघायचा. ठोकळा सेकंदाला ५० सेंटिमीटर सरकतोय आणि शटर सेकंदाचा तिसावा हिस्सा उघडं आहे, तर चित्र दीड सेंटिमीटरहून जास्त फरफटतं आणि ठिपके एकमेकांत मिसळतात. वंशावळ बुडाली की ओळख बुडाली. म्हणून भरपूर इन्फ्रारेड आणि छोटं शटर. प्लेस्टेशन ३ साठी २००७ मध्ये आलेला ‘आय’ कॅमेरा हौशी मंडळींत लाडका झाला तो यामुळेच: ६४० बाय ४८० बिंदूंची साठ चित्रं सेकंदाला, तीही स्वस्तात.

बोटांचं काय? २००५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या जेफ हानने एक देखणी युक्ती दाखवली. ॲक्रिलिकच्या कडेतून इन्फ्रारेड आत सोडायचं. ते आतल्या आत परावर्तित होत राहतं आणि बोट टेकेल तिथेच बाहेर सांडतं. बोटं अतिशय स्वच्छ दिसतात. २००६ च्या त्याच्या ‘टेड’मधल्या प्रात्यक्षिकाने जगभरच्या हौशी लोकांना वेड लावलं. पण त्या काचेला ठोकळ्याखालची छापील खूण वाचता येत नाही. ज्याला वस्तू हव्यात त्याने खालून पसरट उजेड टाकायची पद्धतच धरावी. बोटं तिच्यात थोडी मळकट दिसतात, पण दिसतात. दोन्ही एकदम मिळवायच्या नादात अर्धवट राहिलेली टेबलंच जास्त. मी तरी बोटांचा मोह सोडायला सांगेन.

अर्थात पेटीच हवी असं नाही. अमेरिकेत निघालेल्या ‘ऑस्मो’ने आयपॅडच्या कॅमेऱ्यावर एक छोटा आरसा बसवून त्याची नजर समोरच्या टेबलाकडे वळवली, मूल लाकडी तुकडे जुळवतं आणि पडद्याला ते कळतं. २०१९ मध्ये बंगळूरच्या बायजूजने ही कंपनी १२ कोटी डॉलरना विकत घेतली.  आरशाची युक्ती आजही तितकीच अव्वल आहे. वरून बघण्यात हाताची सावली आणि हात दोन्ही आड येतात, एवढा दोष तिच्यात राहतोच.

आणि प्रोजेक्टर, इन्फ्रारेड, निगेटिव्ह यातलं काहीच न घेताही सुरुवात करता येते. एक खोका, फोटोफ्रेमची काच, तिच्यावर ट्रेसिंग पेपर, तळाशी यूएसबी वेबकॅम, आतल्या कडेला एलईडीची पट्टी. काचेवर चित्र टाकायचं नाही, त्यामुळे साधा उजेड चालतो. चित्र आणि आवाज शेजारच्या लॅपटॉपवर. खोका जितका उंच, तितका कॅमेऱ्याच्या नजरेचा घेर मोठा. वस्तू ओळखण्याचं सगळं मर्म एवढ्यात येऊन जातं.

सुट्टीत अंगणात किल्ला बांधून झाल्यावर एखादा मावळा त्या खोक्यावर आणा. पडद्यावर सह्याद्रीचा नकाशा, काचेवर त्याचीच ट्रेसिंग, आणि मावळ्याच्या बुडाला पुठ्ठ्याच्या चकतीवर एक खूण. राजगडावर ठेवला की राजगडाची माहिती, तोरण्यावर ठेवला की तोरण्याची, हे पहिल्याच संध्याकाळी होईल. मग मावळा फिरवल्यावर साल पुढे सरकू द्या. १६६५ ला पुरंदरच्या तहात २३ किल्ल्यांचा रंग बदलेल, १६७० ला सिंहगडाचा परत फिरेल. मधल्या प्रत्येक सालासाठी पोरांना पुस्तकं उघडावी लागतील, आणि ठोकळ्याला काय अर्थ द्यायचा यावर घरात भांडणंही होतील. ती होऊ द्यावीत. खुणांची पानं रिॲक्टिव्हिजनबरोबरच मिळतात. पुढे कधी इन्फ्रारेडवर जायचं असेल तर त्यांची प्रत आत्ताच झेरॉक्सवर काढून ठेवा.